बदली आल्याशिवाय

ताईचा नियम असा होता की फळ्यावर आठवड्याला एकच इंग्रजी क्रियापद. सोमवारी लिहायचं आणि शनिवारी वर्ग सुटेपर्यंत पुसायचं नाही. विश्रांतवाडीतलं तिचं घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत वर्ग भरायचा, आतल्या खोलीत आई असायची. मधल्या दाराला पडदा होता, पण शिकवताना ताई तो एका बाजूला सारून खिळ्याला अडकवून ठेवायची. फळ्याशी उभं राहिलं की आईचा पलंग दिसायचा. विद्यार्थ्यांना वाटायचं, हवा खेळती राहावी म्हणून.

ताई माझी मोठी बहीण. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, बिनलग्नाची. वडील वारल्यापासून आई तिच्याजवळच राहिली. निवृत्तीनंतर ताईला थोडी उसंत मिळेल असं आम्हाला वाटलं होतं, पण नेमकी तेव्हाच पुण्यात सगळ्यांना इंग्रजी बोलायची घाई झाली. कॉम्प्युटरच्या कंपन्या आल्या, कॉल सेंटरं आली, आणि पदवी असूनही इंग्रजीत तोंड न उघडणारी मुलं शिकवण्या शोधू लागली. ताईकडे अशी मुलं यायची, दोन-तीन गृहिणी यायच्या, आणि त्या वर्षी मागच्या बाकावर मीही बसू लागलो. वय पन्नाशीच्या पुढे.

मी बॉयलरवरचा माणूस. हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात बॉयलरच्या पाळीचा प्रमुख होतो. आमचा कारखाना त्या वर्षी एका परदेशी कंपनीनं घेतला. नव्या मालकांचे इंजिनियर पाहणीला येणार होते आणि प्रत्येक पाळीप्रमुखानं आपलं काम त्यांना स्वतः इंग्रजीत सांगायचं, असं फर्मान निघालं. इंग्रजीतले आकडे आणि यंत्राच्या भागांची नावं मला येत होती. त्यांना जोडणारं मधलं काही येत नव्हतं. म्हणून पहिली पाळी संपली की आठवड्यातून तीनदा स्कूटरवरून विश्रांतवाडीला जायचं आणि तिथून मांजरीला घरी.

बॉयलरवर माझी पाळी संपली की चार्ज घ्यायला येणारा माणूस मूळचा अमरावतीकडचा. मी वही-पेन घेऊन निघालेला बघून तो म्हणायचा, “काहून भाऊ, इंग्रजीत सांगितलं तर बॉयलर जास्त तापते काय?”

ज्या आठवड्याबद्दल मी सांगतो आहे त्या आठवड्यात फळ्यावर ‘टेक ओव्हर’ होतं. ताई अर्थ आधी सांगायची नाही. आधी वाक्यं मागायची, आणि तीही पुस्तकातली चालायची नाहीत, घरातली हवीत.

एका गृहिणीनं सांगितलं, “माय मदर-इन-लॉ हॅज टेकन ओव्हर द रिमोट.”

“बरोबर,” ताई म्हणाली. “परत मिळवायचा काही विचार?”

“नाही मॅडम. माझं लग्न टिकवायचं आहे.”

मी मांजरीचं वाक्य केलं. आमच्या इमारतीच्या मागे पूर्वी ऊस होता, आता नुसता मोकळा प्लॉट. तो गाजरगवतानं टेक ओव्हर केलेला. ताईनं तेही मान्य केलं. कुणी ताबा घेतं, कुणी न विचारता पसरतं. एका मुलीनं शेजारच्या काकूंकडे वाटी नेऊन देण्याचं वाक्य केलं, तेव्हा ताईनं सांगितलं की तिथे हे दोन शब्द फुटतात आणि मधे वाटी येते. मग तिनं शेवटचा अर्थ घेतला. एकाचं काम दुसऱ्यानं पुढे चालवणं. इथे मात्र ‘फ्रॉम’ लागतो, ती म्हणाली, आणि फ्रॉमनंतर माणूस लागतो. “रिमोट घेताना कुणाकडून घेतला हे सांगायची गरज नाही. काम घेताना सांगावं लागतं.”

एवढं बोलून ती फळ्याला टेकली. खडू हातातच होता. दुसरा हात बरगडीखाली उजव्या बाजूला दाबून धरलेला. वर्गातल्या कुणाला काही कळलं नाही. त्यांना वाटलं, मॅडम वाक्याची वाट बघताहेत. मला माहीत होतं.

ताईच्या पित्ताशयात खडे होते. सोनोग्राफीत ते दिसले होते आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून घ्या असं स्वच्छ सांगितलं होतं. त्यांचे शब्द मला आठवतात, कारण नंतर रिपोर्ट दाखवायला मी तिच्याबरोबर गेलो होतो: “आत्ता चालत याल आणि चालत घरी जाल. खडा सरकून नळीत अडकला, तर मग कसे याल ते मी सांगू शकत नाही.” ताईनं मान डोलावली होती. बाहेर आल्यावर म्हणाली, “बघू उन्हाळ्यात.” उन्हाळा झाला. मग म्हणाली, मुलांच्या मुलाखती आहेत. त्याही झाल्या. दुखणं मात्र दर वेळी आधीपेक्षा जास्त मुक्काम करू लागलं.

कारण वर्ग नव्हता, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. कारण आई होती. आईला विसर पडायला लागून बरीच वर्षं झाली होती. आता ती मला ओळखायची, पण स्वतःचा भाऊ म्हणून. कधी नुसतंच घरातलं कुणीतरी म्हणून. ताईला ती काय समजायची हे सांगता येत नाही. हाक मारायची नाही. ताई खोलीतून बाहेर गेली की बेचैन व्हायची, एवढंच.

आम्ही उपाय कमी केले नाहीत. माझी बायको रजा घेऊन तिथे राहायला तयार होती. ताई म्हणाली, “तुला कशाला त्रास.” आईला आमच्याकडे मांजरीला नेतो म्हटलं, तर म्हणाली, “तिला न्हाणीघराची वाट इथली माहीत आहे.” एक बाई ठेवून पाहिली. बाई चांगली होती, पण आईनं तिच्या हातून खाल्लं नाही, आणि ताईनं तिसऱ्या दिवशी तिला हात जोडून निरोप दिला.

“अहो, ताईंचा आपल्यावर भरवसा नाही,” बायको मला म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. “माझ्यावर नाही ते समजू शकते. तुमच्यावर का नाही, ते तुम्ही बघा.”

मला ते माहीत होतं. सोनोग्राफीच्या दिवशी दुपारी आईजवळ मी बसलो होतो. ऊन कलल्यावर आईनं विचारलं, “ते आले नाहीत का अजून?” ते म्हणजे आमचे वडील. मी म्हणालो, “आई, बाबा गेले. बरीच वर्षं झाली.” मी हळू आवाजात आणि नीट सांगितलं. आई माझ्याकडे बघत राहिली आणि मग रडायला लागली, जशी बाबा गेले त्या दिवशी रडली होती, अगदी तशीच. ताई परत आली तेव्हा आई कशासाठी रडते आहे हे विसरली होती, पण रडणं थांबलं नव्हतं.

ताईनं आधी तिचं तोंड पुसलं. मग मला विचारलं, “काय विचारलं तिनं?”

मी सांगितलं.

“आणि तू काय सांगितलंस?”

“जे खरं ते.”

“हं,” ताई म्हणाली. त्या दिवसापासून ती आईला माझ्याजवळ सोडून कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा गेली नाही.

मी माझी बाजू सांगतो. बॉयलरवर खोटं चालत नाही. पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसत नसेल तर दिसत नाही असंच सांगावं लागतं. ‘असेल थोडं’ म्हणणारा माणूस स्वतःबरोबर इतरांनाही घेऊन जातो. इतकी वर्षं हे करून माझी जीभ तशी झाली आहे. कुणी विचारलं तर आहे ते सांगायचं. आईला खोटं सांगून तिला गप्प करणं मला तेव्हा तिचा अपमान वाटत होता, आणि तो अपमान नाही हे मला अजूनही कुणी पटवून दिलेलं नाही.

पाहणीचा दिवस आला. दोन परदेशी इंजिनियर आणि आमचे एक साहेब बॉयलरच्या खोलीत आले. त्यातल्या वयस्क इंजिनियरनं मला विचारलं की तू कामावर येतोस तेव्हा सगळ्यात आधी काय करतोस.

उत्तर तयार होतं. मी म्हणालो, “आय टेक ओव्हर फ्रॉम द नाइट मॅन.” आणि मग जमेल तसं सांगितलं. जाणारा माणूस येणाऱ्याला बॉयलरभोवती फिरवतो. कागदावर आकडे असतातच, पण कागद नंतर. आधी फेरी. प्रत्येक झडपेशी थांबायचं, हात लावायचा, आणि जाणाऱ्यानं तिच्याबद्दल काय ते बोलायचं: ही जरा घट्ट बसते, हिच्यातून थेंब येतो, हा पंप सुरू होताना ओरडतो पण घाबरू नकोस. येणाऱ्यानं ते पुन्हा म्हणून दाखवायचं. त्यानं म्हटलं की चार्ज गेला. तोपर्यंत पाळी संपली तरी जाणारा माणूस जागचा हलत नाही.

“आणि घ्यायला कुणी आलंच नाही तर?” इंजिनियरनं विचारलं.

“देन ही कॅनॉट गो,” मी म्हणालो.

ते खरंच होतं. एकदा पावसानं रस्ते पाण्याखाली गेले होते आणि मी मांजरीत अडकलो होतो. अमरावतीकडचा तो गडी तेव्हा रात्रपाळीला होता, तो माझी सबंध पाळी ओढत बसला होता. मी चिखलानं भरलेला पोचलो तर शिवी नाही की तक्रार नाही. “पाय पुसा, भाऊ,” म्हणाला, “अन् चला फेरीले.”

इंजिनियरनं मान हलवली आणि वहीत काहीतरी लिहिलं. आमची नोकरी राहिली. पण तो वेगळा विषय आहे.

त्या संध्याकाळी मी ताईला सगळं सांगितलं. मुलं गेली होती आणि ती आईच्या पलंगाच्या कडेला बसून तिची वेणी घालत होती. मी इंग्रजीत काय बोललो ते तिनं पुन्हा म्हणून घेतलं, दोन ठिकाणी दुरुस्त केलं, आणि वेणीचे पेड घालत राहिली.

“म्हणजे येणारा माणूस विचारतो,” ती शेवटी म्हणाली.

“विचारावंच लागतं. नाहीतर चार्ज मिळत नाही.”

“चांगली चैन आहे बुवा तुमच्या बॉयलरची,” ताई म्हणाली आणि वेणीला दोरा बांधला.

मी ते नेहमीचं टोचणं समजलो आणि चहा पिऊन घरी गेलो.

त्यानंतरच्या आठवड्यात ताईला जोराची कळ आली. मी आणि बायको रविवार म्हणून तिथेच होतो. आम्ही शेजारच्या काकूंना आईजवळ बसवलं आणि ताईला रिक्षात घातलं. घामानं तिचा पदर ओला झाला होता, ओठ दाताखाली होते. आणि त्या अवस्थेत ती बोलत होती. “चहा बशीत द्या म्हणावं. कपात नको, ती कप धरून बसते... गोळी केळ्यात... उजव्या कानाशी बोलू नका...” बायको तिचा हात धरून म्हणत होती, “ताई, शांत राहा, काही बोलू नका. आम्ही बघतो सगळं.” ताई डोळे मिटायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. बशी, केळं, कान.

रिक्षा येरवड्याच्या चौकात सिग्नलला उभी राहिली तेव्हा तो सूर मी ओळखला. रोज ऐकत होतो तो. ताई चार्ज देत होती. द्यायला लागून तिला कदाचित वर्षं झाली असतील, आणि आम्ही ‘आम्ही बघतो’ म्हणत होतो. आमच्याकडे ‘आम्ही बघतो’ म्हणणाऱ्या माणसाच्या हातात कुणी बॉयलर देत नाही.

मी वाकून म्हणालो, “चहा बशीत. गोळी केळ्यात. डाव्या कानाशी बोलायचं. पुढे?”

ताईनं डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. “खिडकीचं खालचं दार बंद ठेवायचं,” ती म्हणाली. “रस्त्यावरची गाडी दिसली की ती निघायला बघते.”

“खिडकीचं खालचं दार बंद.”

त्या दिवशी कळ इंजेक्शननं उतरली. पण डॉक्टरांनी या वेळी आवाज चढवला आणि शस्त्रक्रियेची तारीख लिहूनच दिली. ताई तारखेच्या कागदाकडे बघून म्हणाली, “बघू.” मी तो कागद खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिली पाळी संपवून, कारखान्याच्या कपड्यांतच मी विश्रांतवाडीला गेलो. वर्ग सुरू व्हायला अवकाश होता. ताई दारात आली.

“चार्ज घ्यायला आलोय,” मी म्हणालो.

“बॉयलर बंद आहे का आज तुमचा?”

“फेरी मारून दे, ताई. मी काही बघणार नाही, काही करणार नाही. तू सांग, मी म्हणून दाखवतो.”

तिनं मला आत घेतलं. मला वाटलं होतं, तासाभरात होईल. झालं नाही. आईला उठवताना तिचा हात ओढायचा नाही. आपला हात पुढे करून थांबायचं, ती आपणहून धरते. मी थांबलो, पण पुरेसा नाही. हात पुढे सरकलाच. आई मागे झाली. “नापास,” ताई म्हणाली, “उद्या ये.” दुसऱ्या दिवशी हात जमला आणि जेवण चुकलं. ताटात भात आणि पोळी दोन्ही दिसलं की आईला काय करायचं ते सुचत नाही, ती ताट झाकून ठेवते. मग तिनं खाल्लं नाही म्हणून सगळे हळहळतात. आधी भात, तो संपल्यावर पोळी. जिच्या हातून आईनं खाल्लं नव्हतं त्या बाईला हे कुणी सांगितलं होतं का, असं मी विचारलं. ताई म्हणाली, “तिनं विचारलं नाही आणि मला सांगायला लाज वाटली. आपली आई म्हणजे काय यंत्र आहे, असं वाटेल म्हणून.”

संध्याकाळच्या वंदनेचं तर मला चौथ्या दिवशी कळलं. आई बाकी सगळं विसरली होती, पण बुद्धाच्या फोटोपुढे मेणबत्ती लावली की हात जोडायची. तीनदा म्हणायची ती वंदना. दुसऱ्यांदा म्हणून झाल्यावर आई अडायची. मी लगेच पुढचे शब्द सांगितले. आईनं हात खाली घेतले आणि वंदना तिथेच संपली.

“सांगायचं नाही,” ताई म्हणाली. “वाट बघायची. ती शोधत असते.”

“किती वेळ?”

“सापडेपर्यंत.”

एकेक करत सगळं माझ्याकडे आलं. मी म्हणून दाखवायचो, ताई मान डोलवायची. पण एक गोष्ट आम्ही दोघंही टाळत होतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी ताईनंच ती काढली.

“बाबांचं विचारेल. पाळीवर गेलेत म्हणायचं. एवढंच.”

“मी खोटं सांगणार नाही, ताई.”

“मग चार्ज नाही.”

“ताई, तुला उद्या ॲडमिट व्हायचं आहे.”

“तूच म्हणालास ना, घेणाऱ्यानं म्हणून दाखवल्याशिवाय जाणारा हलत नाही? म्हणून दाखव. बाबा पाळीवर गेलेत.”

मला म्हणता येईना. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, ताईकडेही नाही. ताईचा चेहरा पिवळट दिसत होता. डोळ्यांतही थोडा पिवळेपणा आल्यासारखा वाटला आणि मी घाबरलो. म्हणजे हे आता कागदावरच्या तारखेपुरतं राहिलं नव्हतं.

“ती बाबांची चौकशी करत नाही रे,” ताई हळू म्हणाली. “बाबा दुसऱ्या पाळीला असायचे तेव्हा ती संध्याकाळी हेच म्हणायची, आठव. आपण दोघं अभ्यासाला बसलेले असायचो. तिला उत्तर नको असतं. संध्याकाळ झाली एवढंच ती सांगत असते.”

मला आठवलं. पण जीभ वळली नाही. मी म्हणालो, “एवढं एक राहू दे. बाकी सगळं घेतलं.”

ताई उठली. मग तिनं पिशवी भरायला घेतली. एक झडप चालत नाही हे माहीत असूनही कधी कधी चार्ज द्यावा लागतो. जाणाऱ्याच्याच अंगात उभं राहायचं बळ उरलेलं नसतं तेव्हा.

दुसऱ्या दिवशी बायको ताईबरोबर दवाखान्यात गेली आणि मी आईजवळ राहिलो. चहा बशीत दिला. हात पुढे करून थांबलो. भात झाल्यावर पोळी वाढली. फोन वाजला नव्हता. शस्त्रक्रिया दुपारी होती आणि दुपार टळली होती. मी फोनकडे बघत होतो आणि तरी आईकडे पाठ होणार नाही असा बसलो होतो. खिडकीच्या वरच्या भागातून ऊन पिवळं झालेलं दिसलं, आणि आई म्हणाली, “ते आले नाहीत का अजून?”

मी काहीच बोललो नाही. ‘हो’ नाही की ‘नाही’ नाही. मला वाटतं, मी हातही जागचा हलवला नसेल. मला दोन्ही उत्तरं दिसत होती आणि दोन्ही तोंडात येत नव्हती. वंदनेच्या वेळी वाट बघायची सवय लागली होती, तेवढीच उपयोगी पडली.

आईनं खिडकीकडे बघितलं. मग स्वतःशीच समजूत घातल्यासारखं म्हणाली, “बदली आली नसेल.”

आमचे वडील खडकीच्या कारखान्यात होते. चार्ज घ्यायला येणाऱ्याला त्यांच्या काळी रिलीव्हर म्हणत नसत, बदली म्हणत. बदलीचा माणूस आला नाही की वडील पुढची पाळी तिथेच काढायचे, आणि आई त्यांचं ताट झाकून ठेवायची. हा शब्द मी लहानपणी रोज ऐकला होता. मी बॉयलरवर लागलो तेव्हा तो कारखान्यांतून गेलेला होता आणि माझ्याही डोक्यातून गेला होता. आईच्या डोक्यात तो होता.

“हो,” मी म्हणालो. “बदली आल्याशिवाय कसे सुटतील?”

आई म्हणाली, “तेच ना,” आणि मेणबत्तीकडे बोट दाखवलं.

हे खोटं होतं का, याचा निकाल मी अजून लावलेला नाही. कधी वाटतं होतं, कधी वाटतं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आईनं पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा तेच म्हणालो.

वंदना संपल्यावर फोन आला. बायको म्हणाली, सगळं नीट झालं, पण एक खडा नळीच्या तोंडाशी होता. डॉक्टर म्हणतात, अजून उशीर झाला असता तर अवघड होतं. मी फोन ठेवला आणि आईजवळ जाऊन बसलो. तिला सांगायचं काहीच नव्हतं.

ताई घरी आली ती रिक्षातून, पोटावर हात धरून, पण आपल्या पायांनी. बायकोनं खुर्ची पुढे केली तर बसली नाही. तशीच आतल्या खोलीच्या दारापर्यंत गेली आणि पडदा बाजूला करून उभी राहिली. आई झोपली होती.

“बोल,” ती मला म्हणाली.

मी चार्ज दिला. कधी काय खाल्लं, कधी झोपली, एकदा रात्री उठून दारापर्यंत कशी गेली. वंदना एकदा पूर्ण झाली, एकदा अर्धी राहिली. बाबांचं विचारलं आणि मी काय म्हणालो, तेही जसंच्या तसं सांगितलं. ताई प्रत्येक गोष्ट पुन्हा म्हणत होती, पुटपुटत, आमच्या पद्धतीनं. ‘बदली’ला थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि पुढे जा म्हणून मान हलवली.

सगळं झाल्यावर तिनं विचारलं, “माझी आठवण काढली तिनं?”

माझी बायको मागे उभी होती. तिनं माझ्या पाठीला हलकेच बोट लावलं. त्याचा अर्थ मला कळला. हो म्हणणं सोपं होतं आणि कुणाचं नुकसान झालं नसतं. आईला मी दोन दिवस तेच करत होतो. पण ताई चार्ज घेत होती. मी उभं राहून तिला आकडे देत होतो आणि ती ते पुन्हा म्हणत होती. तिथे चुकीचा आकडा देता येत नाही.

“नाही,” मी म्हणालो. “एकदाही नाही.”

ताई पडदा धरून उभी राहिली. आत आईनं कूस बदलली. ताईचा हात आपोआप पुढे झाला आणि हवेतच थांबला, आईनं धरावा म्हणून थांबतो तसा.

“नाही काढली,” ती पुटपुटली, बाकीच्या गोष्टींसारखीच, पुन्हा म्हणून दाखवत. मग म्हणाली, “म्हणजे नीट चाललं होतं.”

आणि खुर्चीत बसली.